काडी तपासणी

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एकही ओळ शिकवायच्या आधी
बासष्ट मुलांकडून मी फॉर्म भरून घेतले.
दहावीचं गणित. बारावीचं माध्यम. घरी संगणक आहे का.
आडगावच्या या कॉलेजपर्यंत यायला किती बस बदलता.
बुद्धिबळ येतं का (हा गाईडचा प्रश्न, मला नको होता).
आणि शेवटी : ‘मला हे जमेल’,
एक ते पाच, योग्य आकड्याला गोल करा.

यामिनी विधातेने दोन आणि तीनच्या मधोमध गोल केला.
असा गोल तक्त्यात बसत नाही.
मी दोन भरला.

मग नापास होतील अशांची नावं काढली, एकोणीस.
पाकीट चिकटवलं, वर तारीख टाकली,
स्टीलच्या कपाटात जुन्या जर्नल्सखाली सरकवलं.
मुदस्सिर चौथा. यामिनी अकरावी.

मशीन सगळं टिपत होतं :
प्रोग्राम किती वेळा चालवला, किती वेळा पडला,
पडल्यावर पुढची कळ दाबायला किती सेकंद.
वैनतेय गायधनी, गणितात अठ्ठ्याण्णव, गोल ठसठशीत पाचवर,
पहिला लूप अडकला तेव्हा चार मिनिटं नुसता बसून राहिला,
मग शेजारच्याचा उतरवला, नावं तेवढी बदलून.
मुदस्सिरचा एका तासात सत्तेचाळीस वेळा पडला.
लाल अक्षरं आली की तो पडद्याजवळ सरकायचा
आणि ओठ हलवत वाचायचा, इंग्रजी, अक्षर अक्षर लावत.
चिडत नाहीस का रे?
‘मालेगावला आमचे सहा माग आहेत, मॅडम.
आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो.
थांबला म्हणून त्याला कुणी शिव्या देत नाही.
थांबला नाही, तर कापड वाया.’
मी वहीत लिहून घेतलं, पुढे शेरा : नंतर बघू.
यासाठी रकानाच नव्हता.

सप्टेंबर सरता सरता यामिनी दोन दिवस गैरहजर.
तिसऱ्या दिवशी आली ती वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या
द्राक्षाच्या काड्या घेऊन. छाटणी तोंडावर आली होती,
कॉलेज सुटल्यावर पिंपळगावच्या लॅबमध्ये द्यायच्या होत्या.
‘डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात.
आतला घड तेव्हाच दिसतो, मॅडम.
काडी कितव्या डोळ्यावर कापायची, ते मग ठरतं.’
मी हरखले. अगं, माझं संशोधन अगदी हेच!
ती काड्यांकडे बघत राहिली.
‘पण चिरलेला डोळा परत फुटत नाही.
म्हणून आम्ही सगळ्या बागेतून दहाच काड्या देतो.’
बेल झाली. मी पुढच्या तासाला गेले.

निकाल लागला त्या सकाळी निफाडचा पारा सहावर होता.
पाकीट फोडलं. एकोणिसातले अकरा बरोबर.
गाईड फोनवर म्हणाले, वा, छापण्याजोगं आहे.
चुकलेल्या आठांत मुदस्सिर होता.
यामिनी बरोबर आलेल्यांत.

रात्री आणखी एक वही उघडली,
लॅब असिस्टंट खैरनारांची, मी कधी न मागितलेली.
मॅडम कुठल्या मशीनपाशी किती वेळ थांबल्या,
हेही त्यांनी सवयीने लिहून ठेवलेलं.
गायधनी, सव्वीस वेळा.
मशीन सतरा, विधाते, तीन.
त्यातलं एकदा उंदीर बदलायला. माऊस, म्हणजे.

मूळ फॉर्म शोधला. गोल अजून मधेच होता.
दोन खोडून अडीच केला, गणित परत चालवलं.
दशांशाच्या तिसऱ्या घरात काहीतरी हललं.

जानेवारीत फेरपरीक्षा.
स्टूल ओढून सतरा नंबरपाशी बसले आहे.
लाल अक्षरं येतात. ती कीबोर्डवरून हात काढून घेते,
माझ्याकडे बघते, काय लिहिणार आहे मी ते बघावं तशी.
मी पेन खिडकीत ठेवते.
वाच, म्हणते,
आणि तिच्यासोबत माझेही ओठ हलू लागतात.