कूलर बंद कर

गांधीबागेत आमच्या गादीच्या दुकानाचं
शटर साडेनवाला पडलं की स्टुडिओ सुरू.
सहा गाद्या उभ्या, दोन आडव्या,
वर रजईचं छत, मधे माइक
आणि माइकसमोर उत्पला रामटेके,
दिवसभर घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढणारी.
तिच्या बॅगेत रिकाम्या नळ्या, बर्फाचं पाकीट
आणि लॅबच्या रद्द फॉर्मच्या पाठीवर
तिरप्या अक्षरात ओळी.

कापूस आवाज पितो.
इथं टाळीसुद्धा परत येत नाही.
उत्पला म्हणाली, "म्हणजे उलटून बोलणारं कोणीच नाही.
मले जमते ही जागा."

मे महिना.
कूलर चालू, तर टेक खराब.
कूलर बंद, तर माणूस खराब.
"कूलर बंद कर," ती म्हणायची,
आणि खसचा वास वाळून जायच्या आत
एक कडवं बसवायचं.
घामाचा थेंब पडून शाई फुटली,
'दार'चं 'वार' झालं.
तिनं तेच वाचलं. आम्ही तेच ठेवलं.

बेस मात्र सापडत नव्हता.
लॅपटॉपमधले सगळे बेस पाहुण्यासारखे,
जेवूनच आलेले.

गफ्फारचाचा आमच्या पिंजायच्या मशीनवर आहेत,
मी शाळेत जायच्या आधीपासून.
त्यांची धुनकी माळ्यावर, तात सैल,
धनुष्याच्या पोटात कोळ्याचं घर.
त्यांनी तात पिळली, कानाशी नेली, पुन्हा पिळली,
मुठीतल्या लाकडानं एकच ठोका दिला.
काउंटरची काच थरथरली.
वजनाचा काटा रिकामाच हलला.
उत्पला गादीमागून डोकं काढून म्हणाली,
"हे काय होतं बे?"
चाचा हसले. "रोटी थी, बेटा."

चौदा महिने. दहा गाणी, मग नऊ.
सातवं काढलं.
त्यात तिच्या भावाचं नाव होतं,
आणि तिची आई ऐकताना दर वेळी
त्याच ठिकाणी उठून
भांडी घासायला जायची.

अल्बम अपलोड करायचा फॉर्म विचारत होता, भाषा?
यादीत मराठी होती, हिंदी होती,
'काऊन बे' कुठंच नव्हतं.
मग विचारलं, लेबल?
मी वर पाटीकडं बघून लिहिलं:
न्यू विदर्भ गादी भांडार.
'जुनी रजई भरून मिळेल' हे मावलं नाही.

शुक्रवारी रात्री बाराला आला.
ना फटाका, ना पेढा.
समोरच्या ओट्यावर कुत्रं झोपलेलं,
मेट्रो कधीच बंद झालेली.
आम्ही दोघं एकाच फोनकडं बघत बसलो,
दूध उतू जायची वाट बघावी तसे.

पहिल्या दिवशी त्रेसष्ट.
उत्पलानं बोटांवर मोजले:
नातलग नऊ, लॅबमधले चार,
माझे मित्र, त्यांचे भाऊ, एकूण चोवीस.
"मग हे एकोणचाळीस कोण आहेत?"
त्या एकोणचाळीस जणांनी
तिला दोन रात्री झोपू दिलं नाही.
कुणाच्या घरी सुई टोचतानाही ती
चेहरा निरखून बघायची म्हणे.

बाबांनी एकदाच विचारलं,
"नाव दुकानाचं टाकलं ना,
मग गादीची ऑर्डर काऊन नाही आली?"

सोमवारी चाचांना ऐकवलं.
डावा कान मशीननं केव्हाच खाल्लेला,
म्हणून उजव्यात इअरफोन, डोळे मिटलेले,
पापण्यांवर कापसाची कूस.
चौथ्या गाण्यात त्यांनी हात वर केला.
"यहाँ मेरा हाथ लेट पड़ा. फिर से करो."
मी म्हटलं, चाचा, आता नाही होत.
गेला तो. बाहेर गेला.
त्यांनी दुकानभर नजर फिरवली,
गाद्या, काटा, शटरची फट.
"कहाँ गया? यहीं तो है सब."

आणि स्टूल ओढून माळ्याकडं हात नेला.

उत्पला उठली, कूलरच्या बटणापाशी गेली.
तेवढ्यात पायरीवर एक गिऱ्हाईक,
डबल बेडची, सहा बाय सहाची,
किती किलो कापूस लागेल, विचारत होतं.
मी बोटानं खुणावलं,
दोन मिनिटं थांबा.