साडेतीन आटे

बोटी सगळ्यांना दिसतात.
गिबीची 'टिरिक' तर जरा जास्तच:
लाल पट्टा, केबिनच्या काचेला टेकलेली पिवळी किटली,
भरतीला खाडीच्या मुखाकडे तोंड करून उभी,
ओहोटीला पाठ फिरवून.
मला तिची खालची बाजू माहीत आहे.

मे महिना. शेटलंडचं पाणी आठ अंशांवर.
भांगाचे दिवस बघून उतरते,
पाण्याला ओढ कमी असते तेव्हा.
वर होडीत भाचा, मॅन्सी, दोर धरून.
एक हिसका म्हणजे ठीक,
तीन म्हणजे वर ओढ.
दोन म्हणजे काय, ते आमचं अजून ठरलेलं नाही.

बोयापासून साखळी धरून खाली.
दोन वाव शेवाळ, मग कालवं,
मग नुसता गारवा.
कड्या मी डोळ्यांनी बघत नाही,
अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बघते.
जिथे साखळी तळावर निजते, उठते, पुन्हा निजते
तिथली कडी
चोखून चोखून बारीक झालेल्या खडीसाखरेसारखी.
ती यंदा बदलायची.

अगदी तळाला पाणचक्कीचं जुनं जातं, गाळात अर्धं.
त्याच्या भोकात सळई, सळईला शॅकल,
शॅकलच्या पिनेवर गिबीची तार.
एकाहत्तराव्या वर्षापर्यंत तो स्वतः उतरायचा.
मोनेलची तार, दुसरी चालत नाही;
स्टील आणि जस्त, तो म्हणायचा,
खाऱ्या पाण्यात एका घरी नांदत नाहीत,
एक दुसऱ्याला खातं.
पिनेच्या भोकातून सात वेढे, सातवा दाबलेला,
टोक आतल्या बाजूला वळवलेलं,
पुढच्याचा हातमोजा फाटू नये म्हणून.
पुढची म्हणजे मी.
सुंभ जळतो, पीळ राहतो म्हणतात;
इथे लोखंड झिजलं तरी पीळ होता.

मग वरची शॅकल. ती माझी.
ऑक्टोबरात बोटं लाकडाची झाली होती,
तार हातातून निसटली, गाळात गेली,
आणि खिशात होती काळी प्लास्टिकची पट्टी.
एक हिवाळा तर काढेल, म्हटलं.

पट्टी नव्हती.
पिन कुणी फिरवत नाही.
दिवसातून चार वेळा पाणी बदलतं,
टिरिक वळते,
आणि खाली काहीतरी केसभर सैल होतं.
साडेतीन आटे बाहेर.
आत किती उरले ते मोजायचा धीर झाला नाही.

जानेवारीच्या वादळात तीन बोटी खडकांवर गेल्या.
टिरिक राहिली.
दुकानात, चर्चच्या दारात लोकांनी माझं नाव घेतलं.
मी घेऊ दिलं.

पिन आवळली, मोगरीने ठोकली,
तार ओवली. सहा वेढे झाले,
ते सोडवून पुन्हा सात.
वर आल्यावर मॅन्सीने विचारलं, सगळं ठीक?
ठीक, म्हटलं. दात वाजत होते, ते बरं झालं.

गिबीच्या स्वयंपाकघरात मात्र सांगितलं.
त्याचे हात आता कपाशी नीट जमवून घेत नाहीत,
चहा बशीत सांडतो, तो बशीतून पितो.
बराच वेळ काही बोलला नाही.
भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याकडे बघत राहिला,
जणू चूक त्यात कुठेतरी छापलेली असावी.
मग डबा उघडून पैसे मोजले,
पूर्ण मजुरी,
आणि त्यातून चार पेनी परत डब्यात टाकले.
"पट्टीचे," म्हणाला.

दारापर्यंत पोचवायला आला.
"ओस्ला, टोक आत वळवलंस ना?"
हो, म्हटलं लगेच.
चढ चढून घरी पोचेपर्यंत
खात्री राहिली नव्हती.

परवापासून उधाण.
खिडकीतून दिसते आहे टिरिक,
सगळ्यांना दिसते तेवढीच.