जागल

जुई जेवता जेवताच झोपली.
बेबीवहिनीने दुपारपासून गोवऱ्यांच्या आरात
आमच्यासाठी रोडगे भाजले होते,
वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री,
आणि सात वाजता पोरीची मान
शेंगांनी लदलेल्या तुरीच्या फांदीसारखी
वरणाच्या वाटीकडे झुकत गेली.
प्रणोती भिंतीला टेकून, हातात घास तसाच.
मी तेवढा हो-हो करत राहिलो:
कोणाचं लग्न जमलं,
कोणाच्या संत्र्यावर कोळशी आली,
सरपंचकीला कोण पडलं.
हो म्हणता म्हणता मीही गेलो.
"तिघंही असे पडले," वहिनी मागाहून सांगत होती,
"जसा कोनं मेन स्वीच काढला."

रात्री दोनला तिघंही टक्क जागे.
माझ्या मनगटावर अजून कॅलगरीचे दीड, दुपारचे.
जुईच्या वर्गातली पोरं आता डबा संपवून
बर्फात उड्या मारत असतील.
"बाबा, भूक."
अंधारात चिवड्याचा डबा उघडायला
एवढा आवाज होतो, ठाऊक नव्हतं.
पलीकडे कोणीतरी कूस बदलली.
हळू चाव, प्रणोती कुजबुजली.
चिवडा हळू कसा चावायचा?
आम्ही तो तोंडात धरून भिजवत बसलो
आणि हसू उशीत दाबलं.

मग गावभर उपाय सुरू झाले.
रुखमाकाकूने तळपायांना एरंडेल चोळलं.
कंपाउंडर ढोरे म्हणाले, जायफळ, तेही दुधातून.
शाळेचे सर म्हणाले, ऊन घ्या, पाठीवर घ्या.
वहिनीने मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या,
त्या तडतडल्या. म्हणजे नजर होतीच.
पाचव्या रात्री, दोन वाजता,
एरंडेलाचा वास घेत आम्ही तिघं आढ्याकडे बघत होतो.

अंगणात बॅटरी हलली.
शेषूदादा. मफलर, गमबूट, खांद्यावर फावडं.
"काऊन रे, झोप नाई?"
जेटलॅग, मी म्हणालो.
"जागल?" त्याने कानावरचा मफलर सरकवला.
"मंग चाल ना. या हप्त्यात लाईन रातची हाय."

वहिनीच्या शालीत गुंडाळलेली जुई, मागे मी,
धुऱ्यावरून, बॅटरीच्या गोल उजेडामागे.
विहिरीवर मोटर घुमत होती.
दादाने फावड्याने दंड फोडला
आणि पाणी गव्हात शिरलं,
आधी फेस, काटक्या, एक भेदरलेला बेडूक,
मग नुसतं काळं, थंड, चमकणारं पाणी.
चहूकडे दुसऱ्या बॅटऱ्या.
कुठे रेडिओ, कुठे खोकला,
नाल्याकडून डुकरं हाकलायची लांब हाळी.
जुईने उजेड मोजले. अकरा.
मग विचारलं,
"हे सगळे पण विमानातून आले?"

दादा एवढा हसला की फावडं चिखलात पडलं.
त्याने तिच्या हाती रिकामा पिंप आणि दांडा दिला,
आणि कॅलगरीच्या दुपारी अडीच वाजता
माझ्या पोरीने नाल्यापलीकडची डुकरं
मध्य प्रदेशात पिटाळली. निदान तिचं म्हणणं तसं आहे.

नवव्या दिवशी आम्ही गावासारखे झोपलो.
नऊला निजलो, सहाला उठलो,
प्रणोतीने घड्याळ बदललं, काकूने श्रेय एरंडेलाला दिलं.
परतीचं विमान परवा होतं.

त्या रात्री तहानेने मला जाग आली.
ओट्यावर शेषूदादा बसलेला, बॅटरी विझलेली.
लाईन तर दिवसाची झाली ना, मी म्हणालो.
"झाली नं. सोमवारपासून."
तो पायाचा अंगठा चोळत राहिला.
"आंगाले कोन सांगावं? एक हप्ता रातची, एक हप्ता दिवसाची.
आता तं सांगूनबी आयकत नाई."
मी त्याच्या शेजारी बसलो.
चिवड्याचा डबा आतच होता, आणायचं धैर्य झालं नाही.

पावणेतीनला कोंबडा आरवला.
"त्याच्यावर नको जाऊ," दादा म्हणाला,
"त्याचंबी बिघडलंच हाय."