सूर्यास्त वजा बावीस

पहिला नियम सोपा वाटला होता.
सूर्य मावळला की व्हरांड्यातला दिवा लागावा,
कुलूप असलं तरी आत माणूस आहे असं दिसावं.
मी पतसंस्थेतून सुटते सातला,
त्यात महिनाअखेर असली की विचारू नका.

पण ॲपमधला सूर्य कुठल्यातरी सपाट मुलखातला.
त्याला यवतेश्वरचा डोंगर ठाऊक नाही.
मंगळवार पेठेतलं ऊन लवकर आवरतं,
दोरीवरचे कपडे काढेपर्यंत डोंगराआड.
मग नुसती राखाडी वेळ,
दिवस नाही, दिवेलागण नाही,
पायरीवर कुत्रं की पिशवी, कळत नाही.
आठवडाभर वहीत मिनिटं टिपली
आणि लिहिलं: सूर्यास्त वजा बावीस.
‘जतन केले,’ असं आलं.
आख्खा डोंगर
एका वजाच्या चिन्हात.

दुसरा नियम पाण्याचा.
आमच्याकडं नळ दिवसाआड, पहाटे चारला.
हौद भरू द्यायचा, पाचला मोटार लावायची,
टाकी वाहायला लागली की बंद करायची,
मग झोपायचं, म्हणजे उठायचंच.
ॲपला दिवसाआड कळेना.
त्याला रोज कळतं, सोमवार कळतो,
दर अडीच तासांनी सुद्धा कळतं.
मी शक्कल लढवली:
विषम तारीख, पहाटे पाच, मोटार चालू, पस्तीस मिनिटं.
तो सगळा ऑगस्ट मी गाढ झोपले.

खाली मुळीककाका राहतात.
नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते, एकतीस वर्षं.
छातीएवढी लोखंडी चावी सायकलला बांधून
अंधारात या गल्लीतून त्या गल्लीत,
झाकण उचल, चावी घाल, सतरा आटे फिरव.
त्यांना मी मोठ्या कौतुकानं मोबाइल दाखवला.
चष्मा कपाळावर सारून बघितलं त्यांनी.
“बरं हाय,” म्हणाले. “ह्याला पगार किती?”

एकतीस ऑगस्ट विषम. पाणी आलं.
एक सप्टेंबरही विषम.
हौदात तळाचा गाळ आणि एक मग,
मोटार कोरडीच घोंगावत राहिली,
नियमात बसेल तेवढी.
जिन्यात जळक्या वार्निशचा वास भरला
तेव्हा काकांनीच वर येऊन खटका पाडला.
मी झोपेतच होते.

वायंडिंगचे अठराशे गेले.
“तारखेच्या नादी कशाला लागायचं,” काका म्हणाले.
“तारीख काय, कॅलेंडर छापणाऱ्याची.
मी चावी लावायच्या आधी एकच इचारायचो,
काल सोडलं का?
सोडलं असंल तर आज न्हाई.
न्हाई, तर आज.”

संध्याकाळी तसंच लिहून काढलं.
एक कप्पा केला, त्याला नाव दिलं ‘काल’,
त्यात फक्त हो किंवा नाही.
घराला एका दिवसापुरती आठवण आली.
माणसांची तरी काय याहून लांब असते
हे लिहिणार होते, पण खोटं आहे ते,
काकांना अजून पासष्ट गल्ल्यांचे आटे पाठ आहेत.

राहिली वीज.
ती गेली आणि आली की वायफाय यायच्या आत
डबी मिनिटभर गोंधळते,
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर दाखवते,
पहाटेचे साडेपाच.
काकांना सांगितलं तर हरखले.
“सत्तर साली हितं तुमचं घर न्हवतं.
चिंच होती. आन् नळ रोज यायचा.”
मग खरी तारीख येते, वेळ येते,
पण ‘काल’चा कप्पा कोरा पडलेला असतो.
हो की नाही, कुणाला माहीत.

म्हणून की सवयीनं,
पावणेचारला खालचं दार वाजतं.
झाकण सरकतं हौदाचं,
टॉर्चचा उजेड माझ्या छतावर हलतो.
पाचला मोटार लागते, तोवर ते पायरीवरच,
दोनदा खोकतात.
तो नियम मी लिहिलेला नाही.
बंद कुठून करायचा, तेही माहीत नाही.