आजारी नसलेल्या माणसाला विचारलेले प्रश्न

ग्रगो दारातच म्हणाला, मला काही झालेलं नाही.
मूत्रपिंडं ठणठणीत. आजारी पलीकडे आहेत, मांदाच्या घरी.
मला का विचारता?

डॉक्टर यादरान्का बुटांचा चिखल पायरीला खरवडत म्हणाली,
तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणूनच आलो.

सावा नदीच्या काठावर लुझिना गाव.
एकाच गल्लीत एक घर पिवळं पडत जातं,
त्याला भिंत लावून उभं असलेलं धडधाकट.
आधी तळहात तांब्यासारखे होतात,
मग माणूस बसल्या जागी थकतो,
मग पाद्री घंटेची दोरी तपासून ठेवतो.
लोक घरं सोडतात, किल्ली विहिरीत टाकतात.

मी नुसती वही धरणारी.
विहीर कुठली? कोळसा कुठल्या खाणीचा?
डुकरं किती? जन्म इथला की बाहेरचा?
छपरावर काय? (हा प्रश्न माझा, हौसेनं घातलेला.)

पहिल्या हिवाळ्यात आकडे मांडले
आणि करकोचे दोषी निघाले.
ज्या छपरावर घरटं, त्याच्याखाली आजार जवळजवळ तिप्पट.
मी खुर्चीतून उठलेच.
यादरान्कानं पेन्सिल कानामागे खोचली:
कावळा बसायला आणि फांदी मोडायला.
पण थांब, फांदी का कुजली होती, ते तर विचारू.

करकोच्याला जुनं लाकडी छप्पर आवडतं.
जुन्या छपराखाली जुने शेतकरी,
आणि ते अजून स्वतःच्या शेतातलाच गहू दळतात.
पक्षी सुटला,
पण उडताना चोचीनं दिशा दाखवून गेला.

स्लाव्का डोंगरातून इथे सून होऊन आली, एकोणिसाव्या वर्षी.
अठरा वर्षांनी तिचेही तळहात तसेच.
तिचा दीर दहाव्या वर्षी मामाकडे झाग्रेबला गेला, तिथलाच झाला.
रक्त या घरचं, त्याला काही नाही.
कारण आधी, आजार नंतर, एवढं तर कुणीही सांगेल;
पण मधल्या जागेत
एक लग्न, तीन मुलं आणि अख्खं युद्ध मावतं,
तेव्हा आधीचं कुणाला आठवतं?

एका रात्री शेगडीपाशी यादरान्का म्हणाली,
खरा प्रश्न एकच, आणि तो विचारता येत नाही.
हीच स्लाव्का, हेच अंग, हीच अठरा वर्षं,
फक्त तो पाव वगळून.
ती स्लाव्का कुठल्याच गावात राहत नाही.
म्हणून तिच्या जागी आपण ग्रगोला उसना आणतो.
वय जुळवतो, विहीर जुळवतो,
उरलेलं जुळलंय असं धरून चालतो
आणि झोप लागत नाही.

जूनमध्ये मांदाच्या शेतात उतरलो.
गव्हाच्या मुळाशी बदामी पानांची एक वेडीवाकडी झुडपं,
गावात म्हणतात लांडग्याचं पाऊल.
घोडासुद्धा तोंड लावत नाही.
बोंडं कापणीच्याच आठवड्यात पिकतात,
बी गव्हात मिसळलं की डोळ्याला चकवतं.

मांदा म्हणाली, एवढ्या पोत्यांत कोण निवडत बसतं?
मग हळूच: म्हणजे, माझ्याच हातच्या पावानं?

यादरान्काकडे शब्द असतात. शक्यता. सुसंगत. अद्याप.
त्या दिवशी एकही निघाला नाही.
तिनं टेबलावर ओंजळभर गहू ओतला,
आणि दोघी निवडत बसल्या, काळं इकडे, पिवळं तिकडे.
आमच्या धंद्यात निवाडा म्हणतात तो एवढाच,
आणि तोही चुकतो, म्हणून पुन्हा दुसऱ्या गावी जाऊन निवडायचं.

परतताना ग्रगो फाटकाशी उभा.
त्याचं शेत वीस वर्षं पडीक, पीठ दुकानातलं:
तरुणपणी ट्रॅक्टरवरून पडला, पाठ गेली.
त्या पाठीला तो रोज शिव्या घालायचा.

यादरान्कानं सांगितलं, तेवढंच, जेवढं सांगता येत होतं.
त्यानं काहीच विचारलं नाही.
मांदाच्या धुराड्याकडे बघत
एक हात मागे नेऊन
कितीतरी वेळ स्वतःच्या कंबरेवर ठेवून उभा राहिला.