दंड

सोहार, रात्रपाळी. भिंतीवर सहा गोल चेहरे,
पहिला हसरा, शेवटचा रडका,
मधल्या चौघांचं धड काही कळत नाही.

डॉक्टर इजिप्तचे. त्यांच्या ओठांवर ‘प’ टिकत नाही,
म्हणून पेनचं होतं बेन.
“बेन? वन टु टेन?”
तुळशीदास घाग माझ्याकडे वळतो,
“सिस्टर, ह्यांना बेणं कसलं हवंय? सुरणाचं?”
मी हसते. तोही हसतो, आणि हसता हसता
उजवा दंड डाव्या हातात धरतो,
कुणी सांभाळायला दिलेली वस्तू धरावी तसा.

ठणकतं, की चमक येते? की नुसती रग?
तो विचार करतो.
“गाडी यायच्या आधी रूळ थरथरतात ना,
गाडी दिसत नाही अजून, तसं.”
ह्याला आकडा कुठला देऊ?
पाच लिहिले तर गोळी देऊन पाठवतील,
आठ लिहिले तर कंपनीला फोन जाईल.
मी सात लिहिते.

तीन वाजता ड्रॉवरातला शब्दकोश काढते,
कुणा जुन्या सिस्टरचा, पुठ्ठा निखळलेला.
पेन: मूळ लॅटिन पोएना. शिक्षा. दंड.
त्याही मागे, ग्रीकांकडे, सांडल्या रक्ताची भरपाई.
म्हणजे शब्दाच्या तळाशी कण्हणं नाहीच,
कुणीतरी नाणी मोजतंय.

दंड.
म्हणजे तुळशीदास मघाशी
इंग्रजीच बोलत होता की काय?

व्हिसा संपून एकोणीस दिवस झाले.
ठेकेदार फोन उचलत नाही.
एक दंड भरावा लागतो,
एक आपसूक भरून येतो,
रात्री, कुशीवर वळलं की.
कुणाच्या रक्ताची भरपाई, आणि ती भरायची कुणी,
हे कोशात नाही.

शाळेत गोगटेबाई सांगायच्या,
वेदना म्हणजे जाणणं,
वेद ज्या धातूपासून, त्याच धातूपासून हीसुद्धा.
मला तेव्हा धातू म्हणजे तांबं-पितळच वाटायचं.
हा दिवसभर धातूच उचलतो,
परातींचे लोखंडी पाइप, उन्हात तापलेले,
तळहाताला सगळं माहीत असतं.

सकाळी गळ्यात हात अडकवून निघताना
तो तक्त्यापाशी थांबतो.
हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवतो.
“घरी फोनवर हा सांगतो.”
मग बोट थोडं उजवीकडे सरकवतो,
अजून थोडं,
आणि दोन चेहऱ्यांच्या मधल्या
कोऱ्या जागेवर तसंच राहू देतो.