कळ

कपाटात सहा यंत्रं असायला हवीत. आहेत पाच.
चार नंबरचं फेटलर बेटावर गेलं
आणि आठ महिने झाले, तिथेच आहे.

सगळी रविवारच्या चहातून आलेली.
गावच्या हॉलमध्ये लांब टेबलं, घरोघरचे केक,
रूबार्बचा मुरंबा, चहा हवा तितका,
आणि दारात डबा घेऊन सुईण ओसला इंकस्टर:
"दाढ काढताना भूल देतात,
आणि हिला म्हणे धीर धर. टाका, नाणी नकोत."

मी मॅग्नी, भांडारातला कारकून.
माझ्याकडे वही, बॅटऱ्या, चिकटपट्ट्या.
छत्तिसावा आठवडा लागला की यंत्र पोचवायचं,
उशीर चालत नाही, वारा चढला की बोट बंद
आणि बाळाला बोटीचं वेळापत्रक माहीत नसतं.
पट्ट्या चार: दोन ब्राच्या हुकाशी,
दोन पार खाली, माकडहाडाच्या वर.
सोबत चित्र काढून देतो.
चित्रातली बाई जरा बटाट्यासारखी आलीय.

एकदा दार लावून मी ते हातावर लावून पाहिलं.
मुंग्या आल्या. आकडा वाढवला,
करंगळी आपोआप वाकली. बस्स.
एवढ्याने काय होणार, मनात आलं.
तोंडावर येऊ दिलं नाही.

मग मंडळाचं पत्र: पुरावा अपुरा,
यंत्रांचा खर्च आम्हाला उचलता येणार नाही.
वेदना किती उतरली ते शून्य ते दहा आकड्यांत कळवावे.
मी पट्टी घेतली, वहीत नवा रकाना आखला.

तोरा मॅनसन, अन्स्ट:
आधी नऊ. नंतरही नऊ. पुढच्या खेपेला हवंच.

येलची ब्रेन्ना जेमिसन:
आकडा विचारणाऱ्याला माझ्याकडे पाठवा.

सॅल्मनच्या कारखान्यातली मारिसेल दुमालागन,
तिने रकाना सोडून समासात लिहिलंय:
कळ आली की मी कळ दाबायचे.
खोलीत एवढी माणसं, माझ्या हातात तेवढंच होतं.
फोनवर आई होती, तिकडे पहाट.
म्हणायची, दाब, आता दाब.
इथली कळ तिला तिथे कशी कळायची, कोण जाणे.

ओसलाने ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
म्हणाली, अख्खी वही झेरॉक्स कर, समासासकट.
पाठवली. उत्तर नाही.

जुलैत फेटलरला फोन लावला.
नवऱ्याने उचलला. मागे मेंढ्यांचा गलका.
यंत्र? हो, आहे की, कमरेलाच आहे.
लोकर कातरायचे दिवस, पाठ धरलीय त्याची,
बायकोनेच लावून दिलंय.
मला वाटलं आता ओसला त्याला सोलणार.
ती म्हणाली, "विचार त्याला. शून्य ते दहा."
सात, तो म्हणाला. आता तीन.
"लिही," ओसला म्हणाली. "पेन्सिलीने."

गुरुवारी ते बिस्किटांच्या डब्यात आलं.
पट्ट्यांना लोकर चिकटलेली. त्या फेकल्या,
नव्या घातल्या, वायर पुसली.
आणि तेवढ्यात व्हॉल्सेचा फोन,
तिथली एक बाई, दोन आठवडे आधीच सुरू झालंय,
आधी दिलेलं यंत्र बोलत नाही,
बोट पाऊण तासात.

लॅक्सोच्या धक्क्यापर्यंत गाडी हाणली.
डेकवरच्या पोराने डबा घेतला,
वहीत सही केली, "कोणासाठी" या रकान्यात
वाकड्या अक्षरात लिहिलं: ताई.
मी काही बोललो नाही. तोही नाही.

रॅम्प उचलला जात होता तेव्हा आठवलं,
जादा बॅटऱ्या माझ्याच खिशात.
दोन्ही फेकल्या.
एक त्याने झेलली.
दुसरी डेकवरून घरंगळत निघाली
आणि पोरगा, डबा छातीशी धरून, तिच्यामागे.